दानाचे चार निकष आणि किराण्याची पिशवी

पर्युषण, महावीर जयंती, दिवाळी किंवा साधू-साध्वींचा चातुर्मास प्रवेश, असे प्रसंग जवळ आले की जळगाव-धुळ्याच्या व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘यंदा किती घरांना किराणा द्यायचा?’ हा प्रश्न समाजाला भूषणावह आहे. परंतु संख्या ठरली की चर्चा तिथेच थांबते. तो किराणा कोणाला, कोणता, कसा आणि कोणाकोणाच्या भागीदारीतून द्यायचा, हे पुढचे चार प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत.

आचार्य उमास्वाती (दिगंबर परंपरेत उमास्वामी) यांनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे फळ कमी-अधिक का होते, हे सांगताना विधी, द्रव्य, दाता आणि पात्र अशी चार कारणे दिली आहेत. त्यांच्यापुढे मुख्यतः व्रती आणि त्यागी जनांना द्यावयाचे दान होते. तरीही भुकेल्या घराला द्यावयाच्या अनुकंपादानालाही हेच निकष लावून पाहण्यासारखे आहेत. व्यापाऱ्याला ते परके वाटू नयेत. कोणताही सौदा करताना माल कोणता, घेणारा कोण, देण्याची रीत काय आणि भागीदार कोण, हे तो पाहतोच.

या विचाराची निकड २०२० साली स्पष्ट झाली. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि हातावर पोट असलेल्या घरांची मिळकत एकाएकी थांबली. जळगावात भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनने ‘स्नेहाची शिदोरी’ या उपक्रमातून तयार जेवण गरजूंपर्यंत पोहोचवले. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत सुरू केलेली शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आणली. केंद्र शासनाने एप्रिलपासून शिधापत्रिकाधारकांना माणशी ५ किलो धान्य जादा व मोफत दिले आणि काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळही दिली. शासनाचे धान्य, उद्योगसमूहाचे स्वयंपाकघर, व्यापाऱ्याचा माल आणि कार्यकर्त्याचे पाय एकत्र आले तर चूल पेटती राहते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. पुढे टाळेबंदी उठली आणि ती भागीदारी ओसरली. गरीब घरातला डबा मात्र आजही महिन्याच्या वीस तारखेनंतर रिकामा होतो आणि त्याची बातमी होत नाही.

पात्र

अनुकंपादानात पात्रता म्हणजे गरज. तिथे जात, पंथ किंवा ओळख यांचा विचार नाही. पण गरज ओळखावी कशी, हे अवघड आहे. खान्देशातील शहरांत गरजू घरांचे ढोबळ मानाने तीन वर्ग दिसतात आणि तिघांची गरज वेगवेगळी आहे.

पहिला वर्ग हक्क असून धान्य न मिळणाऱ्यांचा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते, मुलांची नावे राहून गेलेली असतात, म्हाताऱ्या माणसाच्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील सातपुड्याच्या आणि डोंगरपट्ट्याच्या गावांतून कामासाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे तर आपले धान्य गावीच सोडून जातात. वास्तविक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत एकमेकांच्या शिधापत्रिकेवर धान्य देण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्येच, देशात अगदी प्रथम, सुरू झाली होती.

अशा घराला सणाची पिशवी देण्यापेक्षा शिधापत्रिकेचे काम करून देणे अधिक मोलाचे आहे. हिशेब साधा आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे हक्काचे धान्य महिन्याला २५ किलो, म्हणजे वर्षाला ३०० किलो होते. समाजातील एखाद्या पदवीधर मुलाने वा मुलीने दोन दुपारी तहसील कचेरीत आणि रास्त भाव दुकानात घालवून ते सुरू करून दिले, तर एवढे मोठे दान कोणत्याही मंडळाच्या पिशवीत मावणारे नाही.

दुसरा वर्ग मर्यादेच्या किंचित वर राहिलेल्यांचा. प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठरवण्यात आली. शहरातली मर्यादा म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. समजा, एखाद्या दुकानात महिना नऊ हजारांवर काम करणारा मदतनीस आहे. घरात पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. नियमाच्या दृष्टीने हे कुटुंब प्राधान्यात बसत नाही, पण घरभाडे आणि औषधपाणी वजा केल्यावर त्याच्या हाती काय उरते, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून पात्राचा शोध दूरच्या वस्तीपासून सुरू करण्याऐवजी आपल्याच दुकानाच्या उंबरठ्यापासून सुरू करावा. तिथे एक पथ्य मात्र पाळायला हवे. ज्याच्या श्रमावर पेढी चालते त्याला योग्य पगार देणे हे देणे आहे. पगारात कपात करून दिलेली किराण्याची पिशवी दानाच्या खात्यात लिहिता येत नाही.

तिसरा वर्ग न मागणाऱ्यांचा, आणि यात काही साधर्मिक कुटुंबेही आहेत. एके काळी पेढी असलेले, आता मोठ्या दुकानांच्या आणि घरपोच मालाच्या स्पर्धेत मोडलेले घर. कर्ता पुरुष अकाली गेलेले घर. उपाश्रयात किंवा स्थानकात ही मंडळी नीटनेटक्या कपड्यांत येतात, स्वामीवात्सल्याच्या पंगतीला संकोचाने बसतात आणि घरची स्थिती कोणाला कळू देत नाहीत. साधर्मिक भक्तीचा खरा कस इथे लागतो.

द्रव्य

पिशवीत काय असावे? बहुतेक पिशव्यांत पाच किलो गहू वा पीठ, पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, एक किलो साखर आणि एक लिटर तेल असते. हा ठरीव नमुना कागदावर तपासून पाहू.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या आहारात प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा तत्सम प्रथिनयुक्त पदार्थ आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. शाकाहारी घरात हा प्रथिनांचा भार मुख्यतः डाळीवरच पडतो. चार माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब केला तर धान्य ३० किलो, डाळ सुमारे १० किलो आणि तेल सव्वातीन किलो लागते. मुलांचे प्रमाण कमी धरले तरी आकड्यांचे परस्पर नाते बदलत नाही. यांपैकी रास्त भाव दुकानातून २० किलो धान्य येते, म्हणजे दोन तृतीयांश गरज भागते. डाळ आणि तेल यांच्याबाबतीत मात्र जवळजवळ सर्व भार बाजारावर पडतो.

म्हणून ज्या घरात रेशनचे धान्य येते त्या घराला आणखी गहू-तांदूळ देणे म्हणजे भरलेल्या कोठीत भर घालणे होय. तिथे डाळ, तेल, शेंगदाणे, मीठ, हळद, तिखट, चहा-साखर आणि अंगाचा-कपड्याचा साबण द्यावा. ज्या घरात रेशन येत नाही तिथे धान्यही द्यावे. शासनालाही ही उणीव जाणवली असावी. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व एक लिटर तेल देण्यात आले, त्यात गहू-तांदूळ नव्हते. मात्र तो शिधा सणापुरता होता.

डाळीच्या बाबतीत जळगावचे स्थान भाग्याचे आहे. इथल्या डाळ मिलमधील डाळ देशभर जाते. मिलच्या दाराशी मिळणारा भाव आणि वस्तीतील किरकोळ दुकानाचा भाव यांतील अंतर व्यापाऱ्याला तोंडपाठ असते. दहा पेढ्यांनी एकत्र मागणी नोंदवली तर त्याच पैशांत अधिक घरे सांभाळता येतील. शिवाय देताना घेणाऱ्याच्या चुलीचा विचार करावा. खान्देशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याचा कूट आणि लाल तिखट हा रोजचा स्वयंपाक आहे. मैदा, शेवयांची पाकिटे आणि बिस्किटे यांनी पिशवी फुगते, पण महिना निघत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोदामात पडून राहिलेला, पोरकिडे लागलेला माल दानाच्या पोत्यात ढकलण्याचा मोह काही ठिकाणी होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने जीवजंतू पडलेले धान्य दुसऱ्याच्या घरी पाठवणे हे अहिंसेच्याही विरुद्ध आहे आणि पेढीच्या नावाच्याही. स्वतःच्या स्वयंपाकघरात जो माल चढेल तोच पिशवीत असावा.

विधी

विधीबाबत समाजापुढे साडेसातशे वर्षांपूर्वीचा आदर्श आहे. कच्छमधील भद्रेश्वरचा जैन व्यापारी जगडू शाह याची कथा सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात आली आहे. तेराव्या शतकात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा त्याने आधीच साठवलेली कोठारे खुली केली. पाटणचा राजा विसलदेव याने धान्य मागितले असता ‘हे धान्य माझे नाही, रंकांचे आहे’ असे त्याने सांगितले, आणि कोठारातील ताम्रपटावर तसे आधीच कोरून ठेवलेले निघाले, अशी कथा आहे. साठा करतानाच तो कोणाचा आहे हे लिहून ठेवणारा हा व्यापारी होता. पुढे याच मुद्द्याकडे परत यावे लागेल.

जगडूविषयीच्या आणखी दोन गोष्टी आजही मार्गदर्शक आहेत. तो दान देताना मध्ये पडदा ठेवी. पलीकडून हात पुढे येई, चेहरा दिसत नसे. आणि मागण्याची लाज वाटणाऱ्या कुलीन घरांसाठी तो रात्रीच्या वेळी लाडू पाठवी, त्यात सुवर्णनाणे दडवलेले असे. या लाडवांना ‘लज्जापिंड’ म्हणत. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या लाजेचा भार स्वतःवर घेतला होता, एवढा त्या नावाचा अर्थ.

आज पडद्याच्या जागी फलक आला आहे. व्यासपीठ, मान्यवरांची रांग, हातात पिशवी, आणि पिशवीचे एक टोक दात्याने छायाचित्र निघेपर्यंत धरून ठेवलेले. ते चित्र संध्याकाळपर्यंत शेकडो मोबाइलवर पोहोचते. घेणाऱ्या बाईची मुलगी ज्या शाळेत जाते, त्या शाळेतल्या मैत्रिणींच्या घरीही पोहोचते. दोन किलो डाळीची ही किंमत फार झाली. ज्यांना ती परवडत नाही ती घरे रांगेत येतच नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी लज्जापिंड होते, तीच माणसे आजच्या पद्धतीत वगळली जातात.

यावर उपाय अवघड नाही आणि तो व्यापाऱ्यांच्याच सवयीचा आहे, तो म्हणजे खाते. वस्तीतील एखाद्या विश्वासू किराणा दुकानात मंडळाने खाते उघडावे. निवडलेल्या प्रत्येक घराला महिन्याची एक रक्कम ठरवून द्यावी. घरची बाई इतर गिऱ्हाइकांसारखी दुकानात जाईल, तिला लागेल ती डाळ, लागेल तेवढे तेल घेईल आणि दुकानदार वहीत नोंद करील. महिनाअखेर मंडळ बिल चुकते करील. तंबाखू-गुटख्यासारख्या वस्तू या खात्यावर द्यायच्या नाहीत, एवढी अट पुरे. शेजारच्या गिऱ्हाइकाला हे खाते कोणाचे आहे ते कळत नाही. लहान दुकानदाराचाही धंदा होतो आणि तो या कार्यात भागीदार बनतो.

विधीत वेळही येते. देण्याचा भर दिवाळीत असतो, आणि नेमका त्याच सुमारास कापूस वेचणीचे काम हाती असल्याने मजुरांच्या घरात थोडा पैसा येतो. आषाढ-श्रावणात चित्र वेगळे असते. जिनिंग कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, पावसाने वीटभट्ट्या बंद पडतात, बांधकामे मंदावतात आणि त्यातच शाळांचा खर्च निघतो. हे चार महिने म्हणजेच चातुर्मास. संघ एकत्र असतो, प्रवचने चालू असतात, तपाची भावना जागृत असते. समाजाचा पुण्यकाळ आणि गरिबाचा टंचाईचा काळ असे एकाच वेळी येतात. किराण्याच्या खात्याची सुरुवात त्याच काळात व्हावी आणि ते किमान वर्षभर चालावे. एका महिन्यात शंभर घरांना देण्यापेक्षा आठ घरांना बारा महिने देणे जवळपास तेवढ्याच खर्चाचे आहे, आणि आठ घरे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निश्चिंत झोपू शकतात.

दाता

चौथा निकष दात्याचा. एकट्या धनिकाचे दान मोठे असले तरी ते त्याच्या सवडीवर अवलंबून असते. अनेकांचे थोडे-थोडे दान टिकते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील गरीब मुलांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची रीत वापरली. विनोबांनी पुढे ‘सर्वोदय पात्र’ सुचवले, त्यात घरातल्या मुलाने रोज मूठभर धान्य टाकायचे होते. याच विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दान म्हणजे संविभाग, नीट वाटून घेणे, हा शंकराचार्यांचा अर्थ विनोबा पुढे भूदानात वारंवार सांगत. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. दोन्हीकडे शब्द एकच आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बाजाराकडेही अशी एक जुनी रीत आहे, ती म्हणजे धर्मादा. पूर्वी आडत्यांच्या व कापूस-धान्य व्यापाऱ्यांच्या बिलात धर्मादा म्हणून काही पैसे वेगळे लावले जात आणि त्यातून पांजरापोळ, धर्मशाळा, पाणपोई चालत. या पैशाला कायद्याने वेगळे स्थान दिले आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे अशी रक्कम गोळा करणारा व्यापारी तिचा विश्वस्त ठरतो आणि तिचा हिशेब त्याने धर्मादाय कार्यालयाला सादर करायचा असतो. बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, धर्मादा म्हणून प्रथमपासून वेगळी घेतलेली रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. जगडूने ताम्रपटावर जे कोरले तेच हे. पैसा पेढीत येतानाच तो कोणाचा आहे, हे ठरलेले असते.

आज ग्राहकाच्या बिलात धर्मादा लावणे अनेकांना सोयीचे वाटणार नाही. तेव्हा तो स्वतःच्या गल्ल्यातून काढावा. समजा, एका बाजारपेठेतील ५० पेढ्यांनी रोज २० रुपये बाजूला ठेवले. महिन्याचे २५ दिवस धरले तर २५,००० रुपये जमतात. घरामागे १,००० रुपये धरल्यास २५ घरांचे डाळ-तेलाचे खाते चालते. २० रुपयांत हल्ली दोन कप चहा होतो. या व्यवस्थेत ज्याने त्याने आपला वाटा उचलावा. डाळ मिलने मूळ भावात माल द्यावा. घरे सुचवण्याचे काम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्याकडे असावे, कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळते. शिधापत्रिकेचे काम तरुणांनी करावे. साधर्मिक घरांकडे घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी जावे.

पैशाची शिस्तही हवी. बँक खाते नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावे असावे आणि दोघांच्या सहीने चालावे. आयकरातील सवलत वस्तुरूप दानाला मिळत नाही आणि २,००० रुपयांहून अधिक रोख दानालाही मिळत नाही. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याने ती हवी असल्यास पात्र संस्थेला धनादेशाने द्यावे. दुकानातील जीएसटी लागणारा माल मोफत दिल्यास त्यावरील आगत कराची वजावट परत करावी लागते, हेही आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. वर्षअखेर किती रुपये आले, किती घरे सांभाळली आणि किती घरांना आता मदतीची गरज उरली नाही, हे तीन आकडे संघापुढे वाचावेत. घरांची नावे वाचू नयेत.

दिवाळीत श्वेतांबर परंपरेतील पेढ्यांवर वहीपूजन होते, तेव्हा पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण केले जाते. ती लब्धी अन्नाशी संबंधित आहे. अष्टापदावरून उतरल्यावर गौतमस्वामींनी एका लहानशा पात्रातील खिरीने १,५०३ तापसांचे पारणे करवले आणि सर्वांचे झाल्याशिवाय ते पात्र रिते झाले नाही, अशी कथा आहे. स्मरण करताना व्यापारी ती बरकत आपल्या पेढीसाठी मागतो. त्याच वहीत पुढे एक पान ‘किराणा खाते’ या नावाने राखून ठेवले आणि त्यावर दरमहा नोंद होत गेली, तर त्या स्मरणाला साजेसे काहीतरी पेढीवर घडेल.